एका चुलीचा हुकूम

मोडी वाचणारा माणूस म्हणून कचेरीत माझा थोडा रुबाब होता. तो झुंबरबाईने उतरवला, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

सन एकोणीसशे सत्तावन्नची गोष्ट. मी इंदापूरच्या मामलेदार कचेरीत दप्तर सांभाळत होतो. जुने कागद सगळे मोडीत आणि नव्या पोरांना मोडी येईना, त्यामुळे कुणाचं बाड निघालं की "श्रीपादरावांना बोलवा" अशी हाक यायची. मीही चष्मा पुसत, उगाच थोडा वेळ लावून जायचो. त्या दिवशी गेलो तर मामलेदारांसमोर साठीची एक धनगरीण उभी होती. काटक, उन्हाने रापलेली, हातात पत्र्याचं नळकांडं. सारखी दारातून सावली कुठवर आली ते बघत होती.

"बाई, घाई कसली एवढी?" मी विचारलं.

"विस्तू राखंत पुरून आलेय, दादा. दुपारच्या आत गेलं पायजे. न्हायतर पुन्ना इजंल."

तिचं प्रकरण विस्तवाचंच होतं. तिच्या सासऱ्याच्या काळात इंग्रज सरकारने बारामती-इंदापूरच्या मधलं ते माळरान राखीव कुरण म्हणून जाहीर केलं. चारी कोपऱ्यांत दगड पुरले आणि ज्यांच्या आज्यापणज्यांनी तिथे मेंढरं चारली होती, त्या धनगरांचे वाडे एका उन्हाळ्यात उठवले. जमीन तुमची कशावरून, असं साहेबाने विचारलं. यांच्याकडे कागद नव्हता. जमिनीला कागद लागतो हेच कुणाला ठाऊक नव्हतं. मात्र कुरणाच्या मध्यावर बिरोबाचं ठाणं होतं, त्याची पूजा चालावी म्हणून पुजाऱ्याच्या, म्हणजे तिच्या सासऱ्याच्या, घराला तेवढं राहू दिलं आणि तसा हुकूम लिहून दिला. त्या हुकमाची नक्कल नळकांड्यात होती. पुढे इंग्रज गेले, दगड मात्र जागचे हलले नाहीत.

हुकमात "एक चूल" असं लिहिलंय, हे त्या घरात सगळ्यांना पाठ होतं. एक चूल पेटती असेल तोवर हक्क, विझली की संपला, आणि दुसरी पेटली तरी संपला, असा त्यांनी त्याचा अर्थ लावला होता. पुढे कुरणाचे रखवालदारही तोच अर्थ धरून चालले. नवरा गेणबा वारल्यावर झुंबरबाई एकटीने ती चूल राखत होती. वीस वर्षांत ती एक रात्रही बाहेर राहिली नव्हती. माहेरची लग्नं नाहीत, भावाचं मरण नाही, जत्रा नाही. पण त्या वर्षी हिवतापाने पडली. कुणीतरी बैलगाडीत घालून बारामतीच्या दवाखान्यात नेली. आठ दिवसांनी परत आली तेव्हा रखवालदार लिहून मोकळा झाला होता : चूल थंड, राख ओली, हक्क संपला. तिने जागा का सोडू नये, एवढंच मामलेदारांनी तिला विचारायचं उरलं होतं.

"वाचा," मामलेदार म्हणाले.

मी ऐटीत वाचलं. "बिरोबाचे पुजेकरितां एक चूल राहूं..." नेमकी त्या शब्दावरूनच घडी गेली होती. पहिल्या अक्षराचा चुराडा झालेला, दुसरं घाईत ओढलेलं. पण सगळ्यांना माहीत असलेला शब्द वाचायला कितीसा वेळ लागतो? मी चूल वाचली आणि पुढे गेलो. मामलेदारांनी मान हलवली. निकाल आठ दिवसांनी देतो म्हणाले, पण तो काय असणार हे शिपायालाही कळलं होतं. बाई विस्तवासाठी पळत गेली.

दुपारी चहा पिताना मला ठसका लागला. "राहूं द्यावें", असं मी वाचलं होतं. चूल राहू द्यावे? चूल ती. द्यावी हवं. पुढे "दुसरें येऊं देऊं नये". दुसरी नव्हे, दुसरें. तो जुना कारकून काही मोठा पंडित नसेल, पण चूल ती की ते एवढं त्याला नक्की कळत असणार. न कळणारा मी होतो.

तीन दिवस मी दप्तरखान्यात धूळ खाल्ली. चौथ्या दिवशी एका विटक्या लाल रुमालात तो अस्सल हुकूम सापडला. घडी वेगळ्या जागी होती आणि शब्द स्वच्छ होता. कूळ. बिरोबाचे पुजेकरितां एक कूळ राहूं द्यावें. एक घराणं, आपल्या पोराबाळांसकट, वाटेल तेवढ्या चुली मांडून. त्या वर्षी कूळकायद्याने कचेरी दणाणून गेली होती. कूळ हा शब्द मी दिवसातून दोनशे वेळा ऐकत होतो, लिहीत होतो. आणि समोर आला तेव्हा मला ओळखता आला नाही. मला स्वतःची लाज वाटली आणि, खोटं कशाला सांगू, शोधून काढल्याचा आनंदही झाला.

मामलेदार सज्जन माणूस. दोन्ही कागद शेजारी ठेवून त्यांनी पाहिले आणि बाईचा हक्क कायम केला. मी सायकल काढून स्वतः कुरणात गेलो. बातमी सांगून तिच्या हातचा गुळाचा चहा प्यावा, असा माझा बेत होता.

तिने सगळं ऐकून घेतलं. चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

"म्हंजी दुसरी चूल मांडली असती तर चाललं असतं?"

"चाललं असतं."

"दोन धूर निगालं असतं तरीबी?"

"दहा निघाले असते तरी."

मग ती खाली बसली, आणि मला कळेना काय झालं. तिने सांगितलं ते असं. तिला एकच मुलगा, जोतीराम. त्याचं लग्न झालं, सून आली, रतन. सासू-सुनेचं एका चुलीवर जमेना. घरोघर होतं तसंच. जोतीरामने खोपटाच्या पलीकडे तीन दगड मांडले आणि रतनने भाकरी टाकली. झुंबरबाई मेंढरं घेऊन परत येत होती, तिला लांबूनच दोन धूर दिसले. रखवालदाराला दिसले असतील या भीतीने ती धावत आली आणि पाण्याची घागर त्या नव्या चुलीवर पालथी केली. भाकरी, पीठ, रतनचा पदर, सगळं भिजलं. सकाळी दोघं निघून गेली. त्याला वीस वर्षं होऊन गेली. सांगवीला कालव्याच्या पाण्यावर माळवं करतो, एवढंच कुणाकडून तरी तिच्या कानावर आलं होतं.

"जागा ऱ्हावी म्हणून केलं, दादा. त्येच्यासाठीच राखली व्हती की."

चहा तिने दिला, मी प्यालो. मीच म्हणालो की निकालाप्रमाणे कुळातल्या सगळ्यांची नावं दाखल करायची आहेत, नातवंडांचीसुद्धा.

"नातवंडं किती हायेत मला ठावं न्हाय," ती म्हणाली. "तुमी जावा. नावं आणा. आन त्येला सांगा, आता या म्हणावं."

हे काम कारकुनाचं नव्हे. तरी पुढच्या रविवारी एस.टी.ने बारामती आणि तिथून सांगवी गाठली. जोतीराम वांग्यांना पाणी देत होता. चाळिशीचा, आईसारखाच काटक. बांधावर बसून त्याने माझं सगळं ऐकलं. कूळ, चूल, घडी, द्यावें.

"कागदात चूल व्हती का कूळ व्हतं, ते मला कळत न्हाय," तो म्हणाला. "पाणी कागदानं न्हाय वतलं. आईनं वतलं."

"तिला भीती वाटली, जोतीराम. जागा जाईल म्हणून."

"व्हय. जागा न्हाय गेली. आमी गेलो." मग म्हणाला, "नावं लिवा. लिवायला माझी ना न्हाय. पर आमी यणार न्हाय."

त्याने नावं सांगितली, मी लिहून घेतली. कारकुनाचा हात मनाला न विचारता चालतो, तसा माझा चालला. मळ्यात त्याची धाकटी मुलगी वांगी तोडत होती. तिने मला दोन वांगी आणून दिली, मी पिशवीत टाकली. परतीच्या गाडीत मी फक्त झुंबरबाईला काय सांगायचं याचीच जुळवाजुळव करत होतो.

झुंबरबाईने अंगण सारवून ठेवलं होतं. खोपटाच्या पलीकडे तीन दगड मांडले होते. मी नजर चुकवली. "दिवाळीनंतर बघतो म्हणाला," मी म्हणालो. खोटं बोलायची सवय नसली की आवाज मोठा होतो. तिने माझ्याकडे एकवार पाहिलं.

"नावं वाचा."

"जोतीराम गेणबा. रतन जोतीराम. मुलगा गेणू."

"आजाचं नाव ठिवलं," ती हसली. इतक्या दिवसांत मी तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं.

"मुलगी छबू. धाकटी मुलगी झुंबर, वय सात."

वाचून झाल्यावर मला कळलं मी काय वाचलं ते. आमच्या भागात जित्या माणसाचं नाव घरातल्या लेकराला ठेवत नाहीत. गेलेल्याचं ठेवतात. सांगवीला ते लिहून घेताना, गाडीत कागद खिशात असताना, एकदासुद्धा माझ्या डोक्यात आलं नव्हतं. सबंध कचेरीत मोडी वाचणारा मी एकटा, आणि साधी बाळबोध यादी मला वाचता आली नाही.

ती चुलीत लाकूड सारायचं विसरली.

"सात वरीस," शेवटी म्हणाली. "म्हंजी सात वरसामागं मी मेले."

"बाई, तसं नसेल हो. आठवण म्हणून..."

"आठवण मेलेल्याचीच काडत्यात, दादा." मग तिने पदराने तोंड पुसलं. "पर नाव ठिवलं. दुसरं बी ठिवता आलं असतं. दिसाया कशी हाय?"

मी पिशवीतून वांगी काढून तिच्या हातात दिली. धाकट्या झुंबरनेच तोडून दिली, असं सांगितलं. तिने ती भाजीला घेतली नाहीत. बिरोबापुढे नेऊन ठेवली.

कचेरीत यादी दाखल केली तेव्हा नव्या कारकुनाने पेन उचललं. "झुंबर दोनदा आलंय, श्रीपादराव. तुमची नजर चुकली." आणि एक नाव खोडायला निघाला. मी त्याचा हात धरला. नजर पूर्वी चुकली होती, या वेळी नाही, असं म्हणालो. दोन्ही नावं राहिली. एक कूळ, इसम सहा. त्यातली कुरणात राहणारी एक.