दोन्ही कान दिसू द्या

ज्याचे दोन्ही कान माझ्या साडूंनी एकदा तरी निरखून पाहिलेले नाहीत, असा माणूस लातूर आणि नांदेड हे दोन जिल्हे पालथे घातले तरी सापडणं कठीण आहे. कोणी डॉक्टर झाले, कोणी इंजिनिअर, कोणी तलाठी, काही जण काहीच न होता आपापल्या गावी परतले; पण त्याआधी प्रत्येकाने लातुरात क्लासच्या गल्लीत, साडूंच्या निळ्या पडद्यापुढच्या स्टुलावर बसून पासपोर्ट फोटो काढून घेतलेला असतो. अर्ज मागे येतो तो मार्कांमुळे नव्हे, कानांमुळे, अशी साडूंची श्रद्धा. "मान सरळ. हनुवटी खाली. दोन्ही कान दिसू द्या," हा मंत्र त्यांनी इतकी वर्षं म्हटला की पुढे पुढे तो त्यांच्या बोटांत उतरला. समोर कोणीही आलं की दोन बोटांनी हनुवटी धरायची आणि मान सरळ करायची. एका लग्नात त्यांनी नमस्कार करता करता नवरदेवाच्या मामांची हनुवटी अशीच भर मांडवात सरळ केली. मामा तालेवार, भरघोस मिशांचे. ते भडकणार एवढ्यात साडू शांतपणे म्हणाले, "डावा कान दबून राहिला होता तुमचा." मामांनी कान चाचपून पाहिला आणि मुकाट्याने जेवायला बसले.

माझी बायको थोरली आणि साडूंची धाकटी, त्यामुळे नात्याने मी मोठा. ते मला भाऊ म्हणतात, माझ्या बायकोला अक्का म्हणतात, आणि दोघांचंही काही ऐकत नाहीत. पुढे अर्ज मोबाइलवर भरायचे दिवस आले. पोरं घरच्याच भिंतीपुढे उभी राहून स्वतःचे फोटो स्वतःच काढू लागली आणि साडूंच्या स्टुलावर धूळ बसली. दुसऱ्या कोणी झेरॉक्सचं मशीन आणून ठेवलं असतं. साडूंनी मात्र घरोघरी जाऊन कुटुंबाचे फोटो काढायचा धंदा सुरू करायचं ठरवलं. ज्याने जन्मभर एकेकट्या माणसाची मान सरळ केली, तो आता अख्खी खटली सरळ करणार, म्हणून मी पोटभर हसलो होतो. या वेडामागचं कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं.

आमची सासुरवाडी जळकोटची. सासऱ्यांना दोनच मुली, म्हणून जावयांचा मान मोठा, आणि त्या मानाचा कळस म्हणजे निरोप. आम्ही निघालो की सासू-सासरे दोघं दारात येऊन उभे राहत. डाव्या चौकटीला मामी, म्हणजे सासूबाई, उजव्या चौकटीला मामा. मामी म्हणणार, "पोचल्यावर फोन करा." मामा म्हणणार, "दमानं जावा." वर्षानुवर्षं हीच जागा, हीच वाक्यं. आम्ही साडू-साडू त्यांना चोरून जय-विजय म्हणायचो. पण मामा गेले तेव्हा लक्षात आलं की त्यांचा धड असा एकच फोटो आहे. कुठल्याशा सरकारी योजनेच्या अर्जासाठी साडूंनीच तो काढला होता. मान सरळ, हनुवटी खाली, दोन्ही कान लख्ख. तोच मोठा करून, चौकटीत बसवून तेरवीला भिंतीवर लावला. मामींनी त्याच्याकडे बघितलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "पोलिसानं उभं केल्यावानी दिसायलेत. असं कुणाकडं बघितलं न्हाई ह्यांनी जन्मात. ह्याच्याकडं बघून मला रडू बी येईना, बाई."

साडूंनी ते ऐकलं. त्या संध्याकाळी अंगणातल्या बाजेवर माझ्याजवळ येऊन बसले. "भाऊ," म्हणाले, "मामाचे कान लई नीट आले. मामाच आले न्हाईत." मग, "मामींचा तरी असा एक फोटो काढीन, की बघणाऱ्यानं म्हणावं, हाव, ह्याच त्या. ते जमलं तर हा धंदा माझा. न्हाई जमलं तर मी फोटोग्राफर नव्हंच, नुसता कान मोजणारा."

मग साडूंनी शिकायला घेतलं, आणि त्यांचं शिकणं म्हणजे दुसऱ्यांचे हाल. मोबाइलवर ते गोऱ्या लोकांचे व्हिडिओ पाहत. इंग्रजी समजत नाही म्हणून आवाज बंद करून पाहत. त्यामुळे काय करायचं ते दिसे, का करायचं ते कळत नसे. एका व्हिडिओत अख्खं कुटुंब पांढरेशुभ्र कपडे घालून हिरवळीवर हसत होतं. साडूंचं पहिलं मोठं गिऱ्हाईक अर्धापूरचं, केळीचे बागायतदार. साडूंनी सांगावा धाडला, सगळ्यांनी पांढरं घालून बागेत या. घरचे बिचारे पांढरं घालून निघाले आणि ते बघून मागोमाग निम्मी गल्ली तोंडं पाडून निघाली. घरात कोण गेलं हे विचारायचं धाडस कोणाला होईना, म्हणून सगळे नुसतेच हात बांधून बांधावर उभे. त्यांची समजूत घालेपर्यंत लेकरं केळीत हुंदडली, आणि केळीचा चीक, जो कापड फाटलं तरी निघत नाही, तो सगळ्या पांढऱ्यावर बसला. तरी साडूंनी हिंमत सोडली नाही. म्हाताऱ्या जोडप्याला पुढे बसवून म्हणाले, "आता एकमेकांच्या डोळ्यांत बघा." आजोबा म्हणाले, "हिच्याकडं काय बघू? रोजच हाय की ही." छापून आलेल्या फोटोत लहानथोर सगळ्यांचे दोन्ही कान दिसत होते. आजोबांनी तो हातभर लांब धरून विचारलं, "कोणत्या ठाण्यात लावायचा म्हणता हा?"

त्यानंतर साडू काही दिवस माणसं सोडून वांग्यांकडे वळले. म्हणायचे, वांग्यावर उजेड नीट पाडता आला की माणसावर पडतोच. खिडकीत वांगं ठेवायचं, पलीकडून स्टीलची परात धरून उजेड त्याच्यावर टाकायचा आणि तासभर फोटो काढायचे. माझी मेव्हणी हातात विळी घेऊन शेजारी उभी. तिच्या घरी तेव्हा आधी फोटो आणि मग फोडणी असा क्रम होता. तिने एकदाही कुरकुर केली नाही. कोणी काही बोललंच तर म्हणायची, "शिकून राहिलेत. जमंल त्यांना." आमच्या घरी नांदेडला आले, तर बायको भाकरी थापत असताना एकदम ओरडले, "अक्का, हात तसाच ठेवा!" हात तसाच राहिला, तव्यावरची भाकरी कोळसा झाली आणि ती मला खावी लागली. त्या फोटोत जळकी भाकरी दिसत नाही. चुलीच्या उजेडात बायकोचा चेहरा दिसतो, किंचित वैतागलेला, किंचित हसू दाबलेला, अगदी तिचाच. तो पाहिल्यावर मी साडूंची टिंगल जरा कमी केली.

मामी मात्र काही केल्या सापडेनात. कॅमेरा दिसला की ही हसती-बोलती बाई डोक्यावर पदर, गुडघ्यावर हात आणि छातीत श्वास घेऊन दगड व्हायची. साडूंनी वासराला चारा घालताना गाठलं, तुळशीला पाणी घालताना गाठलं, गोठ्याच्या कुडामागे लपूनही पाहिलं. मामींना कुठून वास लागायचा कोण जाणे, कॅमेरा उचलला की दगड. "झालं का तुमचं?" एवढंच दगडातून ऐकू यायचं. इकडे दिवस जात होते. गिऱ्हाईक तुरळक, आणि ओळखीच्या एका सद्गृहस्थांनी खताच्या दुकानात बसायला बोलावलेलं. वेळ अमावास्येनंतर काय ते सांगतो, असं साडूंनी त्यांना कळवून टाकलं. बोलले नाहीत, पण आम्हाला समजलं होतं. त्या अमावास्येला, म्हणजे आमच्या येळवशीला, आम्ही सगळे जळकोटलाच जमणार होतो आणि तीच त्यांची परीक्षा होती.

येळवशीला आमच्याकडे शहरं ओस पडतात आणि शेतं भरतात. आम्हीही दिवसभर शेतात होतो, पालेभाज्या-शेंगांची भज्जी आणि आंबील ओरपत. साडू जेवले नाहीत म्हटलं तरी चालेल. मामी हरभऱ्यात, मामी ज्वारीच्या कडेला, मामी झाडाखाली वाढताना, आणि प्रत्येक फोटोत तोच दगड, फक्त पिकं निराळी. ऊन कललं तशी साडूंनी सामान आवरायला घेतलं. घरी आलो, डबे भरले, मी गाडी काढली. साडूंना आणि मेव्हणीला एसटी स्टँडवर सोडून आम्ही नांदेडला जाणार होतो. साडू मागच्या खिडकीशी बसले, कॅमेरा मांडीवर. मेव्हणीने त्यांच्या हातावर हात ठेवलेला मला आरशात दिसला.

मी गाडी सुरू केली. दारातून आवाज आला, "पोचल्यावर फोन करा." आणि साडूंचा आवाज, अगदी हळू, "भाऊ, गाडी बंद करू नका. हलवू बी नका." मी वळून बघितलं. मामी दारात उभ्या होत्या. समोरून मावळतं ऊन येत होतं म्हणून कपाळावर हात धरला होता, पदर मागे सरकला होता, आणि जाणाऱ्या लेकींकडे त्या बघत होत्या. कॅमेऱ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. काम संपलं, पाव्हणे निघाले, आता कसला फोटो? साडूंनी खिडकीतून एकच फोटो काढला आणि म्हणाले, "चला."

स्टँडवर उतरल्यावर साडूंनी फोटो बघितला आणि हातच मारून घेतला कपाळावर. "चुकलं, भाऊ! मामी आल्या, पण फ्रेम चुकली. त्या एका कडेला आणि निम्मं दार मोकळं." लातूरला जाऊन त्यांनी दोन फोटो तयार केले. एकात मोकळं दार कापून मामी बरोबर मधोमध आणलेल्या, आणि एक तसाच अख्खा. पुढच्या रविवारी आम्ही दोघं ते घेऊन जळकोटला गेलो. साडूंनी आधी कापलेला, त्यांच्या मते बरोबर असलेला फोटो पुढे केला. मामींनी पाहिला. "हाव. मीच हाय," म्हणाल्या. साडूंनी दीड वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली ते हेच. पण मामींची नजर दुसऱ्या फोटोवर गेली होती. त्यांनी तो उचलला. मोकळ्या उजव्या चौकटीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

"त्याच्यात मी एकलीच हाय," त्या म्हणाल्या. "ह्याच्यात हे बी हायत. ह्यांची जागा सोडून उभी राहिले की मी."

आणि मग त्या रडल्या. तेरवीला न आलेलं रडू सगळं त्या दिवशी आलं. साडू समोर मान खाली घालून बसले होते. त्या वेळी त्यांची हनुवटी सरळ करावी असं मला फार वाटलं, पण मलाही नीट दिसत नव्हतं.

खताच्या दुकानाला नकार गेला. आता साडूंकडे गिऱ्हाइकांची रांग असते, आणि त्यांची कामाची रीत दोन्ही जिल्ह्यांत गाजली आहे. ते फोटो काढायला जातच नाहीत, पाहुणे म्हणून जातात. खोट्या पाहुण्याला खरा निरोप कोण देणार, असं त्यांचं म्हणणं. म्हणून दिवसभर राहतात, जेवतात, चहा घेतात, म्हातारीचं गुडघ्याचं दुखणं ऐकतात, लेकरांना मांडीवर घेतात, आणि संध्याकाळी "येतो" म्हणून निघतात. सगळं घर दारात येतं. कोण कुठे उभं राहायचं हे कोणाला सांगावं लागत नाही. ज्याची त्याची जागा ठरलेली असते. तेवढ्यात साडू फाटकातून वळतात आणि फोटो काढतात. भोकरच्या एका घरी आग्रहाखातर ते तीनदा जेवले आणि तीनदा निघाले. नांदेडच्या फ्लॅटमध्ये मात्र लिफ्टचं दार मध्येच लागतं म्हणून ते जिन्याने उतरतात आणि वळणावर थांबतात. धंदा चांगला वाढला आहे, पण पोट त्याहून जास्त, अशी मेव्हणीची तक्रार आहे. अर्धापूरच्या आजोबांनीही पुन्हा बोलावलं. नव्या फोटोत त्यांच्या बायकोचा पदर चौकटीच्या खिळ्यात अडकला आहे आणि आजोबा तो सोडवत तिच्याकडे बघतायत. रोजचीच असली तरी.

जळकोटच्या भिंतीवर आता तो अख्खा फोटो आहे. हार घालता येत नाही, कारण मामी त्यात ठणठणीत उभ्या आहेत. त्यावर त्यांनी आपल्यापुरता तोडगा काढला आहे. रोज सकाळी परसातलं एक फूल त्या चौकटीच्या उजव्या कोपऱ्यात खोचतात, मोकळ्या दाराच्या बाजूला.

जुना कानांचा फोटो त्यांनी साडूंना परत देऊन टाकला. साडूंनी तो लातूरच्या स्टुडिओत, निळ्या पडद्याच्या जागी लावला आहे. मी एकदा विचारलं, "ठाण्यातला फोटो हो हा. इथं कशाला?" साडू कॅमेऱ्याची पिशवी खांद्याला लावून अर्धापूरकडे निघाले होते. दारात थांबून त्यांनी फोटोकडे वळून बघितलं आणि म्हणाले, "येतो, मामा." मग माझ्याकडे वळून, "न्हाई भाऊ, असू द्या. दोन्ही कान उघडे हायत त्यांचे. ऐकून राहिलेत."

ते गेल्यावर मी उगाच थोडा वेळ तिथे उभा राहिलो. "दमानं जावा" असं कोणीतरी म्हणायला हवं होतं, म्हणून शेवटी मीच म्हणालो.