कागद खाली धर

अक्का बोलणाऱ्याच्या डोळ्यांत कधी बघत नसत. त्या ओठांकडे बघत, तेही पापणी न हलवता. पहिल्यांदा भेटणाऱ्या बाईला वाटायचं, आपल्या दाताला काहीतरी चिकटलंय. मीही तोंड फिरवून पदराने ओठ पुसले होते, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "काही लागलं नाही गं. तू बोल की."

ही भेट सोलापुरातल्या लेखिका मेळाव्यातली. वर्षातून एक दिवस, एका जुन्या शाळेच्या सभागृहात आमच्या जिल्ह्यातल्या लिहिणाऱ्या बायका जमत. व्यासपीठावर दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, आणि पुण्याहून उशिरा आलेल्या प्रमुख पाहुण्यांचं 'स्त्री आणि साहित्य' या विषयावरचं लांबलचक भाषण. पाहुण्या बदलायच्या, भाषण बदलायचं नाही. मी टेंभुर्णीच्या शाळेत शिकवणारी, एसटीने येऊन खालच्या खुर्चीत बसणारी. पर्समध्ये घडी घातलेली एक गोष्ट असायची आणि ती तशीच परत जायची.

त्या वर्षी जेवणानंतर हात धुवायला सभागृहाच्या मागे गेले, तर कडुनिंबाखाली पायऱ्यांवर चार बायका बसलेल्या. सगळ्यांत खालच्या पायरीसमोर, जमिनीवर फतकल मारून एक ठेंगणी बाई बसली होती, त्याच अक्का. तिने मला हाक मारली, "कुठली गं तू?" मी गाव सांगितलं. "ये टेंभुर्णी, वरच्या पायरीवर बस. उजेडाकडे तोंड कर. काय आणलंयस ते वाच." अक्का सगळ्यांना गावाच्या नावानेच हाक मारायच्या. अक्कलकोट म्हणजे निवृत्त झालेल्या नर्सबाई, कविता करणाऱ्या. केम म्हणजे शेतात राबून आठवणी लिहिणारी एक बाई. माझं खरं नाव अक्कांना ठाऊक होतं की नाही, याची मला अजून शंका आहे.

मी कागद काढला. तो तोंडासमोर धरला. लगेच आवाज आला, "कागद खाली धर. तोंड दिसू दे." मी खाली धरला. वाचून झाल्यावर कुणीतरी "छान" म्हणेल म्हणून वाट बघत बसले. मग अक्कांनीच विचारलं, "कुठलं वाक्य राहिलं?"

ही त्यांची रीत होती. त्या पायऱ्यांवर कुणी छान म्हणायचं नाही, वा म्हणायचं नाही. ऐकणारीने आपल्यापाशी राहिलेलं एक वाक्य सांगायचं, बस. "छान तर पोह्यांनासुद्धा म्हणतात," अक्का म्हणायच्या. अक्कलकोटने एक वाक्य सांगितलं, केमने दुसरं. शेवटी अक्का म्हणाल्या, "आई गेल्यावर तिच्या चपला घरात कुणालाच बसल्या नाहीत." जसंच्या तसं, एक शब्द इकडेतिकडे नाही. माझं वाक्य दुसऱ्या बाईच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होते. मला रडू आलं, आणि ते लपवायला परत हात धुवायला जावं लागलं.

अक्कांचं घर पूर्व भागात, यंत्रमागवाल्यांच्या वस्तीत. खाली कारखाना, वर संसार. घरात बोलणं तेलुगू, आणि अक्का कथा लिहायच्या मराठीत. "सासूला मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून तर मी लेखिका झाले," असं त्या सांगायच्या आणि स्वतःच हसायच्या. नवरा मराठी शाळेत शिकलेला होता, पण त्याने बायकोची एकही ओळ वाचली नाही. "लिहून झालं का? मग मागाच्या सुताच्या कांड्या भर," एवढीच त्याची समीक्षा. मुलं मोठी झाली, सुना आल्या, त्यांनाही आईच्या कथा वाचायला सवड झाली नाही. अक्कांचं एक बारीकसं पुस्तक निघालं होतं, त्यावर घरात पुडे बांधायची सुतळी ठेवलेली मी पाहिली आहे. अक्कांना त्याचं फार वाईट वाटत नसे, निदान तसं दाखवत तरी नसत. मला एकदा म्हणाल्या, "वर्षभर मी कुणाची तरी आई, कुणाची आजी. त्या पायऱ्यांवर मी लेखिका. तेवढा एक दिवस माझा कुणी काढून घेऊ नये, बस. दुसरं काही मागत नाही मी."

त्यांच्या शिस्तीचे नियम मात्र कडक. कागद खाली. तोंड उजेडाला. बडीशेप चघळत वाचायचं नाही. एकीचं चाललेलं असताना दुसरीने मध्ये बोलायचं नाही. आम्ही हे सगळं भक्तिभावाने पाळलं. बायांनी मान वर करून, धीटपणे वाचावं म्हणून अक्का झटतायत, अशी आमची पक्की समजूत. हळूहळू पायऱ्यांवरच्या बायका व्यासपीठावर जाऊ लागल्या, तिथेही तशाच वाचू लागल्या. एका पाहुण्या बाईंनी तर भाषणात सोलापूरच्या लेखिकांच्या आत्मविश्वासाचं भरभरून कौतुक केलं. अक्का मागच्या रांगेत बसल्या होत्या. टाळ्या वाजल्यावर आजूबाजूला बघून त्यांनीही वाजवल्या.

खरी गोष्ट मला कळली ती स्टीलच्या ताटांमुळे. केम आपली गोष्ट वाचत होती. वाढपी ताटांची चळत घेऊन निघाला होता, तो नेमका अक्कांच्या पाठीमागे धडपडला. असा आवाज झाला की केमच्या हातून कागद पडला आणि अक्कलकोट "अय्यो" म्हणून उभीच राहिली. अक्का हलल्या नाहीत. मानही वळवली नाही. केमच्या ओठांकडे बघत शांतपणे म्हणाल्या, "मग? थांबलीस का? पुढं काय झालं त्या म्हशीचं?" बाकीच्या ताटं वेचायला धावल्या. मी मात्र अक्कांच्या तोंडाकडे बघत राहिले.

एसटी स्टँडकडे चालत जाताना मी विचारलं, "अक्का, तुम्हाला ऐकू येत नाही का?" पहिल्यांदा त्यांना कळलंच नाही, कारण मी बाजूने चालत होते. मग पुढे होऊन, तोंड समोर करून विचारलं. त्या थांबल्या. रस्त्याच्या कडेला एका बंद दुकानाच्या कट्ट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "कळलं का तुला."

लग्न होऊन आल्यापासून त्या मागांच्या खडखडाटात राहिल्या होत्या. दिवसा खाली कांड्या भरायच्या, आणि झोपायचं त्याच मागांच्या डोक्यावर. "कारखान्यात आवाज कुणाला ऐकू येतो? आम्ही बायका ओठांनीच बोलायचो. सासूची तक्रारसुद्धा सासूच्या समोर, नुसतं तोंड हलवून. कान कधी गेले ते मलाच कळलं न्हाई, कारण मला त्यांची गरजच पडत नव्हती." मी कानाच्या मशीनचं विचारलं. "मुलानं आणून दिलं की. घातलं तर सगळंच ओरडायला लागलं. भांडी ओरडतात, रिक्षा ओरडतात, नातू तर ओरडतोच. माणसाचं बोलणं तेवढं कळत न्हाई."

मग माझा हात धरून म्हणाल्या, "पायऱ्यांवर कुणाला सांगू नको. बहिरी म्हटलं की लोक मोठ्यांदा बोलतात, आणि थोडंच बोलतात. काय झालं विचारलं की 'काही नाही' म्हणतात. घरात तसंच चाललंय. बहिऱ्या बाईला कथा कोण वाचून दाखवंल?"

मी सांगितलं नाही. उलट त्यांची हस्तक झाले. नवी बाई आली की तिला उजेडात बसवायचं काम माझं. पल्लेदार मिशांच्या एका कवींना 'बायकांच्या पायऱ्यांवर' कविता वाचायची फार हौस होती, त्यांना मी दरवर्षी काहीतरी सांगून कटवत असे. त्यांचे ओठ मिशांत दिसतच नसत. अक्का पोट धरून हसायच्या. म्हणायच्या, "त्यांचं वाक्य राहणारच न्हाई बघ." आमच्या त्या चोरीत मजा होती. आता वाटतं, त्यांचं सगळ्यांत जास्त हसणं मी त्याच दिवसांत पाहिलं.

मग टाळेबंदी आली आणि मेळावा बंद पडला. आम्ही बायकांनी मोबाईलवर ग्रुप काढला. सगळ्या आपापलं लिखाण बोलून, आवाज भरून पाठवू लागल्या. अक्का लिहायच्या, "तोंड दिसेल असं पाठवा की." कुणी व्हिडिओ पाठवला तर तोंड नखाएवढं, नाहीतर खिडकी पाठीमागे घेतल्यामुळे काळंच. ग्रुपवर बायका अंगठा टाकून मोकळ्या व्हायच्या. त्यावर अक्का चिडायच्या. "अंगठा काय दाखवता? वाक्य सांगा." पुढे त्या चिडायच्या थांबल्या. एके दिवशी केमने आपल्या आवाजात एक मोठी आठवण पाठवली आणि त्याखाली अक्कांचा अंगठा आला. नुसता अंगठा. 

मेळावा पुन्हा भरला तेव्हा सगळ्या तोंडाला मास्क बांधून आलेल्या. अक्का नवी साडी नेसून, ठेवणीतल्या बांगड्या घालून आल्या होत्या. इतक्या दिवसांनी पायऱ्या भरल्या. अक्कलकोटच्या घरात दोन मरणं झाली होती, तिने त्यावरची कविता मास्कमधूनच वाचायला घेतली. मी म्हणाले, "मास्क काढा ना जरा." ती म्हणाली, "बेडा गं, नको. भीती वाटते." तिच्यापुढे काय बोलणार? तिने कागद खाली धरला होता, तोंड उजेडाला होतं. सगळे नियम पाळले होते तिने. अक्का त्या निळ्या फडक्याकडे बघत राहिल्या. कविता संपली, सगळ्यांनी डोळे पुसले, एकेकीने आपली ओळ सांगितली. मग सवयीने सगळ्या अक्कांकडे वळल्या.

अक्का म्हणाल्या, "छान होती."

अक्कलकोट दुखावली, ते मास्कवरूनही दिसलं. मला तोंड उघडून सांगावंसं वाटत होतं, पण अक्कांनी माझ्याकडे एकदाच बघितलं आणि मी गप्प बसले. थोड्या वेळाने त्या उठल्या, साडी झटकली आणि रिक्षाने घरी गेल्या. त्यानंतर त्या मेळाव्याला आल्या नाहीत. मास्क गेले तरी आल्या नाहीत. निरोप पाठवला तर म्हणायच्या, गुडघे दुखतात.

मी घरी जायला लागले. मुलांनी माग विकून टाकले होते, खालचा कारखाना रिकामा पडला होता. सून म्हणाली, "आता किती शांत वाटतंय ना?" सून चहा ठेवायला गेल्यावर अक्का मला म्हणाल्या, "हिला शांत वाटतंय. माझ्या कानात अजून चालूच हाय." मी दारातल्या उजेडात बसायचे आणि वाचायचे. सुरुवातीला मोठ्याने वाचायचे, मग लक्षात आलं की आवाज फक्त सुनेसाठी आहे. तेव्हापासून नुसते ओठ हलवून वाचू लागले. चहा घेऊन आलेली सून आमच्याकडे विचित्र नजरेने बघायची. दोन बायका समोरासमोर बसलेल्या, एकीचं तोंड हलतंय आणि आवाज नाही. वाचून झालं की अक्का वाक्य सांगायच्या आणि आमचा मेळावा संपायचा. अक्कलकोटला आणि केमला घेऊन येऊ का, असं मी दर वेळी विचारायचे. "नको. त्यांच्यासाठी मी जशी होते तशीच राहू दे," असं उत्तर यायचं.

अक्कांच्या रक्तातली साखर जुनीच होती. तिने आता डोळ्यांवर घाला घातला. शेवटच्या भेटीत सून म्हणाली, "त्यांना आता माणूस नुसतं सावलीसारखं दिसतं." मी अक्कांचा हात हातात घेतला. त्यांनी माझ्या मनगटावरचं घड्याळ चाचपलं आणि ओळखलं. "टेंभुर्णी. बस. उजेडाकडे तोंड कर. वाच."

मी नवी गोष्ट नेली होती, हायवेत गेलेल्या आमच्या घराची. वाचली. या वेळी मोठ्याने वाचली, का कोण जाणे. अक्का बघत होत्या, पण त्यांची नजर माझ्या ओठांवर नव्हती, थोडी बाजूला, दाराच्या चौकटीवर होती. मी थांबले हे त्यांना कळलं नाही, म्हणून मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, "आई गेल्यावर तिच्या चपला घरात कुणालाच बसल्या नाहीत."

ते वाक्य मी आत्ता वाचलेल्या गोष्टीत नव्हतं. मी त्यांचा हात दाबला, होय, तेच, असा. त्या समाधानाने हसल्या. मग विचारलं, "अजून लिहितेस ना?" मी पुन्हा हात दाबला.

पुढच्या मेळाव्याच्या आत अक्का गेल्या. आता मला व्यासपीठावर बोलावतात. शाल मिळते, नारळ मिळतो, वाचून झाल्यावर बायका येऊन छान म्हणतात. जेवण झाल्यावर मी मागच्या पायऱ्यांवरही जाते. अक्कलकोटला आणि केमला मी सगळं सांगून टाकलं, मरणानंतर लपवायचं काय. अक्कलकोट कितीतरी वेळ रडली आणि म्हणाली, "एकदा सांगितलं असतं तर मी फाडून टाकला असता तो मास्क." पायऱ्यांसमोरच्या जमिनीवर आता कुणी बसत नाही. वाचताना मी अजून कागद खाली धरते, तोंड उजेडाला करते, आणि समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत शब्द सावकाश, ओठांवर स्पष्ट दिसतील असे उच्चारते.