बिल्ला मी घासला

आमच्या घाटकोपरच्या चाळीत खोलीखोलीत नळ आले ते आम्ही पत्रकं वाटली म्हणून. त्यातली निम्मी मी लिहिली होती. एकोणिसाव्या वर्षी मला एक गोष्ट नीट येत होती: चूक कुणाची, ते तोंडावर सांगणं. मग हेही तसंच सांगते. चूक माझी होती.

नळ आल्यावर मी क्रिस्टल रेडिओ बनवला. वीज नको, बॅटरी नको. पुठ्ठ्याच्या नळकांड्यावर तांब्याची तार गुंडाळायची, एक तार छपरावर न्यायची, एक जमिनीत, मध्ये क्रिस्टलच्या खड्याचा तुकडा, आणि कानाला लावायचे फोन. फोन जुन्या बाजारातले. नळाचा पाइप जमिनीतच जातो, म्हणून जमिनीची तार मी मोरीतल्या नळाला बांधली. आवाज यायचा, पण डासाएवढा. तार पाइपाला नीट चिकटत नव्हती. ती दाबून धरायला पितळेचा चपटा तुकडा हवा होता.

तो आमच्या कुत्रीच्या गळ्यात होता. म्युनिसिपालटीचा बिल्ला. कुत्री तपकिरी, एक कान कायमचा मोडलेला. आई मासे साफ करायला बसली की तिच्या पावलावर हनुवटी टेकून बसणारी. वडिलांनी लायसन काढून बिल्ला आणला तेव्हा आईनं तिला चक्क ओवाळलं होतं.

सकाळी वडील ऑफिसला गेले आणि मी बिल्ला काढला. म्हटलं, एक दिवस तर हवाय. पितळ काळं पडलेलं, म्हणून पॉलिश पेपरनं दोन्ही बाजूंनी लखलखीत घासलं आणि तारेवर ठेवून नळाला आवळलं. एकदम माणूस बोलायला लागला. स्वच्छ! आईच्या कानाला फोन लावला. तिचे डोळे मोठे झाले.

"अगो, हो तर बटाट्याचो भाव सांगता!" मग कान देऊन म्हणाली, "आणि म्हाग सांगता मेलो!"

हसत हसतच ती पिशवी घेऊन वाण्याकडे गेली. मी दोन्ही कानांना फोन लावून बसले.

आमच्याकडे म्युनिसिपालटीची कुत्री पकडणारी गाडी वळणावर दिसली की पहिल्या दारातली बाई ओरडायची, मग दुसरी, मग तिसरी. हाक शेवटच्या खोलीपर्यंत पोचायच्या आत सगळी कुत्री घरात ओढलेली असायची, बिल्ल्याची असोत नाहीतर बिनबिल्ल्याची. त्या दिवशीही हाक आली. आमच्या दारातून पुढे गेली. मी ऐकली नाही.

शेजारच्या काकूंनी खांदा गदागदा हलवला. "अगं बहिरे! तुझी कुत्री नेली ना!"

मी अनवाणी धावले. गाडी कोपऱ्यावर उभी होती. दोन माणसं तारेचा फास घेऊन आणखी एकाच्या मागे गेली होती. गजांमागे आमची दिसली. पोस्टमनवर अख्खी चाळ डोक्यावर घेणारी कुत्री अगदी गप्प होती. गाडीतून कुणी परत आल्याचं आमच्या चाळीत कुणाला ठाऊक नव्हतं.

गाडीचा मुकादम चाकाला टेकून विडी ओढत होता.

"ती आमची आहे. लायसनची आहे."

"बिल्ला?"

"घरी आहे."

"बिल्ला घरी आणि कुत्रं रस्त्यावर? उलटं करायचं असतं, बाई. आणा. ते दोघं आले की आम्ही निघालो."

परत धावले. तार सोडवताना बोट कापलं. बिल्ला मुठीत धरून गाडीशी पोचले तर ते दोघं परतत होते. मुकादमानं बिल्ला उलटा केला, सुलटा केला.

"नंबर कुठाय ह्याच्यावर? हे काय, कोटाचं बटण आणलंस?"

मीही तेव्हाच नीट पाहिलं. एका आकड्याची शेपटी तेवढी उरली होती.

मग मला जे येत होतं ते मी केलं. "पत्रक काढीन! तुमच्या खात्याचे वाभाडे काढीन!"

"काढा की. आत बसलेत त्यांनापण एकेक वाटा." तो ड्रायव्हरकडे वळला. "चल रे!"

मी गाडीचा गज धरला. "मीच घासला हो. रेडिओसाठी. तिचा काही दोष नाही."

"रेडिओ?" तो थांबला. "त्याचं लायसन आहे?"

नव्हतं. तेव्हा रेडिओलाही सरकारी लायसन लागायचं, पण पुठ्ठ्याच्या नळकांड्याला कसलं लायसन, म्हणून मी हसले होते. आता डोळ्यांपुढे पोलीस दिसला, वडिलांची सरकारी नोकरी दिसली. मी नकाराची मान हलवली.

तेवढ्यात आई आली. वाण्याकडून येताना तिनं गाडी पाहिली होती, आणि मला हाकही न मारता आधी घरी जाऊन देवाच्या फोटोमागची कुत्रीच्या लायसनची पावती काढून आणली होती. धापा टाकत होती, पण ओरडली नाही.

"दादा, ह्या बघा. रंग लिवलोहा. कान मोडको, ताही लिवलाहा."

त्यानं पावती वाचली. गजांतून कान पाहिला. खूप वेळ पाहिला असं मला वाटलं.

"बरं. रेडिओचं मी काही ऐकलं नाही," तो म्हणाला आणि दार वीतभर उघडलं.

सगळी तोंडं एकदम त्या फटीत घुसली. त्यानं काठीनं ती मागे रेटली आणि आमची मानगुटीला धरून बाहेर काढली. ती थरथरत होती. आईनं तिला पदरात गुंडाळलं. फटीत चहावाल्याच्या दुकानापुढचं काळं कुत्रं होतं. सभेहून येताना मी रोज त्याला बिस्किट घालायचे. त्यानं मला ओळखलं, शेपूट हलवली.

मला बोलायचं होतं. पण तोंड उघडलं तर तो आमचीही परत घेईल, अशी धडकी भरली होती. मी एक शब्द बोलले नाही.

दार बंद झालं.

"चल गो," आई म्हणाली. मी चालायला लागले. मागे इंजिन सुरू झालं, तरी वळून पाहायची माझी हिंमत झाली नाही.