जेडच्या धूपदाणीतला निखारा

टेक्सासमधल्या शुगर लँडच्या आमच्या घरी गणपतीला येणारे सगळे सांगतात की धूपदाणी सुनेने फोडली. खोटं आहे. मी फोडली.

सून चिनी घरातली. तिच्या पणजोबांकडून आलेली ती धूपदाणी. फिकट हिरव्या जेडची, तीन पायांची, जुन्या चिनी ब्राँझच्या भांड्यांवर असतात तसे वटारलेले डोळे कोरलेली. दोन्ही बाजूंच्या कानांत त्याच दगडातून कोरून काढलेल्या मोकळ्या कड्या. लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीत तिने ती कौतुकाने मखराशेजारी मांडली. म्हणाली, "बाबा, प्लीज, आत काही जाळू नका."

माझ्या देवापुढे काय जाळायचं ते ही मला शिकवणार? सकाळी सासूसुना किचनमध्ये मोदक करत होत्या, मुलगा बर्फ आणायला गेला होता. मी कोळशाची वडी पेटवून आत ठेवली, वर धूप टाकला. ब्राँझने सोसलं असतं. दगड तडकन वाजला, पायापासून काठापर्यंत चीर गेली. मी वडी काढली, आतून पुसलं आणि चीर भिंतीकडे वळवून ठेवली.

संध्याकाळी बायकोच्या मैत्रिणीने फोटोसाठी धूपदाणी फिरवली. "अगंबाई, हे काय?"

"हिनेच गाडीत आपटली असेल," मी म्हणालो.

"मेड इन चायना, दुसरं काय!" मैत्रीण म्हणाली. सगळे हसले. मीही हसलो. सुनेला मराठी येत नव्हतं, पण एवढं कळायला मराठी लागत नाही. त्यानंतर ती गणपतीला आली नाही; धूपदाणी आमच्याकडेच राहिली. बायको तिला मरेपर्यंत धांदरट म्हणत राहिली.

यंदा मी सुनेला मुद्दाम बोलावलं आणि आरतीआधी सगळ्यांसमोर इंग्रजीत खरं काय ते सांगून टाकलं.

"जाऊ द्या हो भाऊजी, सणाच्या दिवशी कशाला?" तीच मैत्रीण.

"हसलात तेव्हाही सणच होता," मी म्हणालो.

सुनेने धूपदाणी टॉवेलात गुंडाळली. मुलगा म्हणाला, "आई होती तेव्हा का नाही बोललात, बाबा?" दोघं आरतीला थांबली नाहीत.

बाकीचे थांबले, जेवले आणि आता गावभर सांगतात, काका किती मोठ्या मनाचे, सुनेचा दोष अंगावर घेतला. म्हणून हे लिहून ठेवतो. दोष तिचा नव्हताच. माझा मोठेपणा सांगत फिरणाऱ्यांनी पुढच्या वर्षी माझ्या घरी येऊ नये.