चक्कीवाल्यांची दोन पासबुकं

राळेगावात मी बरीच वर्षं पोस्टाच्या बचतीची एजंट होते. घरोघर जायचं, महिन्याचा हप्ता घ्यायचा, कार्डावर सही करायची आणि पोस्टात भरून पासबुकात नोंद करून आणायची. मिस्टर एसटीत कंडक्टर होते, घर त्यांच्या पगारावर चालायचं. हे काम मी धरलं ते बुद्धविहारात बायकांची बैठक भरायची तिथल्या एका मावशींच्या आग्रहावरून. त्या म्हणाल्या, "पोरी, तुले हिशेब येते आन् तोंड बंद ठेवता येते. दुसरं काय लागते?"

तोंड बंद ठेवणं हाच या धंद्यातला अवघड भाग आहे, हे मला नंतर कळलं. कोणाच्या घरात किती शिल्लक आहे आणि ती कोणापासून लपवलेली आहे, हे पोस्टमास्तरनंतर मलाच ठाऊक असायचं. एका घरी सासू स्वयंपाकघरात पैसे द्यायची आणि सून मागच्या दारी.

आमच्या गल्लीच्या टोकाला पिठाची चक्की होती. चक्कीवाले भाऊ चाळिशीच्या आतबाहेरचे, अंगावर कायम पीठ, बोलायला गोड आणि नाही म्हणायला कच्चे. त्यांची बायको, म्हणजे वहिनी, अंगाने बारीक आणि नजर तिखट. लेकरं दोन, दोन्ही शाळेत.

वहिनींनी माझ्याकडे शंभर रुपये महिन्याचं खातं उघडलं तेव्हा नवऱ्याला कळू नये म्हणून दार अर्धं लोटून घेतलं होतं. "यायले सांगू नका, ताई. यायच्या हाती पैसा दिसला का गावातला कोणीबी येते आन् उधारी करून जाते."

मी नाही सांगितलं. पुढे दीड-दोन वर्षांनी भाऊंनी मला चक्कीवर थांबवलं. पट्टा बंद केला, हात झटकले आणि हळूच म्हणाले, "ताई, दोनशे रुपयांचं एक खातं काढा. घरी बोलू नका. तिले समजलं तर ती तिच्या भावाले देऊन टाकीन."

वहिनींचा भाऊ कळंबला किराण्याचं दुकान चालवायचा आणि अधूनमधून अडचणीत असायचा, हे खरं होतं. मी खातं काढलं. तेव्हापासून महिन्यातून दोनदा मी त्याच घरचे पैसे घेत होते, एकदा घरी आणि एकदा चक्कीवर. दोन्ही पासबुकं माझ्या पिशवीत शेजारी शेजारी असायची.

ती कापसाची वाईट वर्षं होती. आमची शेती नव्हती, पण राळेगावातलं एकही दुकान कापसापासून सुटलेलं नव्हतं. शिंप्याकडे नवं शिवायला येणारे जुन्याला ठिगळ लावून मागू लागले. सायकलवाला टायर विकायचा बंद झाला आणि नुसती पंक्चरं काढू लागला. माझीही निम्मी कार्डं रिकामी जात होती. चक्कीवर दळण तर येत होतं, कारण जेवायचं कोणी सोडत नाही, पण पैसे मात्र "कापूस निघाला का देतो" यावर अडकून पडत. त्यात भारनियमन. दिवसाचे सहा-सात तास वीज नाही, आणि आली की दाब इतका कमी की दगड कण्हत फिरायचे. एका दुपारी चक्कीची मोटार जळाली.

दुसऱ्याच दिवशी भाऊ माझ्या दारात. मोटारीत नवी तार गुंडाळून ती परत भरून घ्यायला, शिवाय बेअरिंग, मिळून पाच हजारांच्या वर खर्च होता. "खातं मोडून द्या, ताई."

मी सांगितलं, तीन वर्षं झाल्याशिवाय खातं मोडता येत नाही, तुमची अडीचच झालीत. जमा असेल त्याच्या निम्मे मात्र उचलता येतात, ते फेडत राहायचं आणि खातं चालूच राहतं. त्यांनी बोटांवर हिशेब केला. तीन हजार. "त्यात तर काहीच होत नाही," ते म्हणाले. "मंग चक्की विकून टाकतो. नागपूरले मिलमध्ये काम पाहातो."

संध्याकाळी वहिनी आल्या. त्यांचंही तेच, खातं मोडा. त्यांची चार वर्षं उलटून गेली होती, मोडता आलं असतं. पण वर्षभरात मुदत भरणार होती, आता मोडलं तर व्याज जवळजवळ बुडालं असतं आणि पाच हजारांच्या वरचा खर्च तरी पूर्ण निघाला नसता.

मी कागद घेऊन मांडून पाहिलं. वहिनींचं निम्मं आणि भाऊंचं निम्मं एकत्र केलं तर मोटार होत होती, दोन्ही खाती जिवंत राहत होती. फक्त दोघांना एकमेकांचं कळायला हवं होतं.

"वहिनी," मी म्हटलं, "एकदा भाऊंशी बोलून पाहा ना."

"नाही. चार वर्षं लपवलं, आता कोणत्या तोंडाने सांगू?"

भाऊंनाही मी तेच सुचवलं. ते "पाहातो" म्हणाले आणि जळकी मोटार पुसत बसले. मग मी एक गोष्ट केली जी बरोबर होती असं मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. दोघांनाही मी सोमवारी अकराला पोस्टात यायला सांगितलं, सहीसाठी.

भाऊ आधी आले. वहिनी पायरी चढून आत आल्या आणि थबकल्या.

"तुमी इथं काहून?"

"तू कायले आली?"

दोघांनीही मग माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीतून दोन्ही पासबुकं काढून बाकावर ठेवली आणि म्हटलं, "दोघांनी निम्मे-निम्मे उचलले तर मोटार होते." भाऊंनी वहिनींचं उचललं, पहिलं पान उघडलं आणि तारीख पाहून म्हणाले, "चार वर्षं?"

"तुमचं किती?"

"अडीच."

दोघांना वाईट वाटलं होतं ते पैशाचं नाही, लपवण्याचं, हे मला दिसत होतं. वहिनींनी आपलं पासबुक त्यांच्या हातून घेतलं, पदराखाली धरलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमच्यावर इस्वास ठेवला होता, ताई." दोघंही सही न करता निघून गेले. रस्त्याने एक पुढे आणि एक मागे चालत होतं.

चार दिवस चक्की बंदच होती. मी त्या गल्लीतून जायचं टाळलं आणि पिठासाठी दुसऱ्या चक्कीवर गेले. मिस्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, "तुले कोनं पंचायत करायले सांगितलं?" मला वाटलं, हे काम सोडून द्यावं.

पाचव्या दिवशी दोघं एकत्र आले. घरात बसले नाहीत. वहिनी उंबऱ्याशी उभ्या राहून म्हणाल्या, "ते निम्मे-निम्मे कसं करतात, ते सांगा." चार रात्री त्या दोघांत काय बोलणं झालं, मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. पोस्टात फॉर्म भरताना भाऊंनी एवढंच म्हटलं, "इचे पैसे माह्यापेक्षा आधीपासून हायेत, म्हणून इची सही पहिले घ्या."

मोटार भरून आली. चक्की सुरू झाली तेव्हा पैसे घ्यायला वहिनी बसल्या. उधारी बंद, म्हणजे अगदीच बंद नाही. पायलीभर ज्वारी आणणाऱ्या म्हातारीला त्या सोडायच्या, पण मोटारसायकलवर दळण घेऊन येणाऱ्याला नाही. उन्हाळ्यात त्यांनी जुनं मिरची कांडप यंत्र हप्त्यावर घेतलं. मिरची-हळदीच्या दिवसांत त्या गल्लीत उभं राहिलं की शिंका यायच्या आणि रांग दारापर्यंत असायची. श्रीमंती आली नाही, पण नागपूरचं नाव परत निघालं नाही.

माझ्याशी वहिनी हळूहळू बोलू लागल्या, तरी आधीसारखं दार लोटून कधी बोलल्या नाहीत. हप्ते त्या स्वतः पोस्टात भरायला जाऊ लागल्या. माझं तेवढं कमिशन गेलं, आणि मला ते रास्त वाटलं. त्यानंतर एकाच घरातली दोन गुपितं मी कधी घेतली नाहीत. दुसरा माणूस आला की सरळ सांगायचे, तुमच्या घरचं माझ्याकडे आधीच आहे, आधी घरी बोला. काहींनी त्यावरून मला शिव्याही दिल्या.

वहिनींच्या खात्याची मुदत भरली त्या दिवशी मी दुसऱ्यांच्या कामाने पोस्टात होते. खिडकीसमोर नवरा-बायको जोरात भांडत होते. भाऊंचं म्हणणं, घरावरचे टिन बदलू. वहिनींचं म्हणणं, पोरीच्या बारावीनंतरच्या शिक्षणाला ठेवू. "टिन गळून राह्यले, तुले दिसत नाही का?" "गळू द्या, बादली ठेवीन न मी!" मागची रांग ऐकत होती. शेवटी पोस्टमास्तर चष्मा काढून म्हणाले, "काय ठरवायचं ते बाहेर जाऊन ठरवा."

दोघं बाहेर गेले आणि लिंबाखाली उभे राहून पुन्हा भांडू लागले. मी माझी कार्डं भरत तिथेच बसले. बऱ्याच वेळाने वहिनी आत आल्या आणि पोरीच्या नावाने नवं खातं काढायचा फॉर्म मागितला. टिनचं काय झालं, हे मी विचारल्यावर भाऊ म्हणाले, "औंदा डांबर लावून भागवतो."