जव्हारकडचा पाडा आणि ‘आधीचा’ फोटो

अंधेरीच्या आमच्या ऑफिसने सीएसआरमधून, म्हणजे कंपनीच्या समाजकार्याच्या निधीतून, जव्हारजवळच्या एका पाड्यावर नळयोजना केली आहे. तिच्या अहवालासाठी फोटो काढायला कोण येतंय, असं विचारल्यावर मी हात वर केला, कारण त्या शनिवारी घरी नणंदेच्या सासरची मंडळी यायची होती. समाजसेवेचा उमाळा वगैरे काही नव्हता, उगाच गैरसमज नको.

चारकोपहून पहाटे साडेपाचला निघालो. गाडी प्रसादची. प्रसाद म्हणजे आमचा सीएसआरवाला. मनोरपर्यंत हायवे झकास आहे, तिथे मिसळ खाऊन घ्या आणि पेट्रोलही भरा. मग उजवीकडे विक्रमगडचा रस्ता. पुढे वळणं पोटात उतरतात, तेव्हा उलटीची गोळी आधीच घ्या. मी घेतली नव्हती.

पाड्यावर पोचलो, नळ सोडला आणि खरंच पाणी आलं. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात प्रसादने लॅपटॉप उघडला.

“वाट लागली. अहवालात आधीचा आणि नंतरचा, दोन्ही फोटो लागतात. आधीचा कुणी काढलाच नाही.”

“मग आता?”

“कुणाला तरी हंडे घेऊन जुन्या विहिरीवर उभं करू. पूर्वी इथल्या बायका तिथूनच आणायच्या ना पाणी.”

मला ते पटलं की नाही, हे ठरवायच्या आत विहिरीवर जानी भेटली. ती टेकडीवरच्या पाड्यातली. तिथे नळ अजून गेलेला नाही, म्हणून ती रोज पाण्याला खाली येते. डोक्यावर दोन हंडे, मागे सागाची झाडं. उभं करायची गरजच पडली नाही. एक फोटो तर असा आला की मी स्वतःवरच खूश झाले.

“कशाला गं ताई फोटो?” तिने विचारलं.

“पाणी यायच्या आधी कसं होतं, ते दाखवायला.”

तिने हंडे खाली ठेवले. “पण आमच्याकडं आलंच नाही अजून. आधीचं म्हणून मला दाखवलं, तर आम्हाला पाणी दिलं असंच लिहितील. मग आमचा नंबर कधी?”

मी प्रसादकडे पाहिलं. “होतं का रे तसं?”

“यादीत दोन्ही पाडे एकाच नावाने आहेत,” तो हळूच म्हणाला. “होऊ शकतं. पण फोटो नसला तर अहवाल अडकेल, आणि त्याच्यामागे वरच्या पाड्याचा अर्जही.”

म्हणजे फोटो दिला तरी जानीचं पाणी जाणार, नाही दिला तरी जाणार. मी कॅमेरा हातात धरून बावळटासारखी उभी. शेवटी तीच म्हणाली, “दे. पण खाली लिही, आम्हाला पाणी नाही.” तिने हंडे उचलले आणि चढ चढायला लागली.

परतताना जव्हारला हनुमान पॉइंट पाहिला. दरी सुंदर आहे, अर्धा तास तरी हाताशी ठेवा.

रविवारी घरी बसून मी फोटोखाली लिहिलं, ‘जानी, वरचा पाडा. इथे अजून पाणी आलेलं नाही.’ प्रसादला पाठवून दिलं आणि शांत झोपले.

पंधरा दिवसांनी अहवाल छापून टेबलावर आला. फोटो साहेबांना इतका आवडला की थेट मुखपृष्ठावर. वर मोठं शीर्षक: ‘पाणी पोहोचलं’. खाली बारीक अक्षरात, ‘जानी, वरचा पाडा’. प्रसादला विचारलं तर म्हणाला, “ओळ मोठी होत होती गं, डिझाइनवाल्याने दुसरं वाक्य काढलं. ते वाक्य राहिलंय, हे मी साहेबांना सांगितलंय. बघू म्हणालेत.” सगळे माझं अभिनंदन करत होते आणि मी थँक्यू म्हणत होते.

तुम्ही त्या बाजूला जरूर जा. पाड्यापर्यंत गेलात, तर टेकडीवर जानीचं घर आहे, कुणीही दाखवेल. तिने माझ्याबद्दल विचारलं, तर काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही.