कस्तुराबाईचं खळं

थोरल्या जावंबद्दल इचारताय, तर सांगते. पर आदीच सांगून ठेवते, मी तिच्यावर लई जळले. कस्तुराबाई तिचं नाव. उंचीनं माज्या खांद्याला लागायची, आन् बोलाय लागली की निम्मे शब्द तोंडातच ठेवायची. सोलापुरापासनं तीन कोसावर आमची धनगरांची वस्ती. बारा घरं. बाप्ये मेंढरं राखायचे आन् घरात आमी बाया घोंगडी इणायचो. माज्या हातचं घोंगडं मंगळवारच्या बाजारात टेकवायचा अवकाश, उचललं जायचं. माज्यासारखा काठ वस्तीत एकीला जमत न्हवता. पर नाव निघायचं ते कस्तुराबाईचं.

का, तर तिला आभाळ कळायचं.

चैतातलं आभाळ म्हंजे लबाड. सकाळी रखरखीत ऊन, दुपारी कुटनं तरी काळं ढग येतंय आन् एक शिरवं टाकून पळतंय. या रानात पाऊस, त्या रानात धुरळा. आमचा सगळा धंदा त्या आभाळाखाली. घोंगड्याच्या उभ्या धाग्यांचा ताना अंगणात ताणायचा, त्येला चिंचोक्याची शिजवलेली खळ लावायची, आन् ती उन्हात कडक वाळवायची. मदीच सर आली की खळ व्हावून जाते, धागं एकमेकाला चिकटत्यात, म्हैनाभराची सूतकताई मातीत. म्हणून चैत लागला की रोज दिवेलागणीला माणसं तिच्या वट्ट्यावर यायची. "कस्तुराक्का, उद्याचं काय?"

ही उठून मेंढीच्या मानंवरची लोकर चिमटीत धरायची, बोटं एकमेकावर घासायची, पच्चिमंकडं बघायची आन् सांगायची, "उद्या दुपारपातूर ऊन हाय. मग एक सर यील, शिंपडून जाईल. परवा नुसतं आभाळ, पाणी न्हाय. बाजारादिवशी वारं सुटंल, ताना घालू नगा." आन् व्हायचं बी तसंच. मग बायांनी इचारायचं बी सोडलं. सकाळी तिच्या चुलीवर खळ चढली का एवढंच बघायच्या. तिची खळ चढली म्हंजे दिवस कोरडा. "खळ हाय" म्हणलं की आमच्या वस्तीत त्येचा अर्थ "आज ऊन हाय" आसाच हुता.

मी बी चोरून लोकर चिमटीत धरून बघितली. मला लोकरच लागली, पाऊस न्हाय लागला. माजा सख्खा नवरा ताना ताणायच्या आदी मला न्हाय, तिला इचाराय जायचा. मी म्हणायची, हिला काय देवानं वरनं चिठ्ठी पाटवलीया व्हय?

आमचे मालक सांगायचे, ते अठ्ठावीस साल हुतं. त्या चैतात आटवडाभर आभाळ धड न्हवतं. आन् मेंढरं कातरायची तर राहिलेली. कातरणी आमच्याकडं सगळ्यांनी मिळून एकाच दिवशी करायची, आजूबाजूच्या वस्त्यांवरनं माणसं येत्यात, कात्री ज्याची त्याची, जेवण घरचं. पर कातरलेलं मेंढरू उघडं आसतंय. त्येच्या अंगाव गार पाऊस पडला की दोन दिवस त्येच्या जिवाचा भरवसा न्हाय. म्हणून दिवस धरायचा तो कस्तुराबाईला इचारून. आन् कस्तुराबाई गेलेली लेकीच्या, फुलाच्या, बाळंतपणाला. कोसभर लांब.

थोरले दीर सिद्धाप्पा, कस्तुराबाईचे मालक, मला म्हणले, "राजाबाई, जरा जाऊन इचारून या. उद्या कातरू का न्हाय?"

म्हंजे बघा. हिथं बसून तिचं कौतिक ऐकायचं ते ऐकायचंच, वर तिचा शब्द आणाय कोसभर पायपीट बी मीच करायची. जाताना सगळी वाट मी तोंडातल्या तोंडात तिला शिव्या दिल्या.

मी पोचले तवा ती नातवाला तेल लावत हुती. मी इचारलं. ती पोराला मांडीवर घेऊनच दारात आली. दीस मावळून चंद्र वर आलेला, आन् घटकाभरच ढग फाकलेलं. चंद्राभवती गोल कडं पडतं ना, त्येला आमी खळं म्हणतो. खळं पडलं म्हंजे पाणी यायचं. ती म्हणली, "खळं हाय बघ. जवळचं खळं हाय. दोन दिस थांबा म्हणावं." मी मान हलवली आन् मागारी फिरले. वाटंतच ढगानं चंद्र झाकून टाकला.

वस्तीवर देवळाम्होरं बाप्ये कात्र्यांना धार लावत बसलेले. खरखर खरखर चाललेली. दिरांनी इचारलं, "काय म्हणली?"

मी पदर सावरत म्हणले, "खळं हाय म्हणली."

आता आमच्या बोलण्यात खळं हाय आन् खळ हाय, दोन्ही घाईत "खळाय" आसंच निघतंय. शेजारचा रुद्रप्पा मांडीवर थाप मारून म्हणला, "बघा, लेकीच्या घरी बी खळ शिजवाय बसली. मग उद्या ऊन पक्कं. काढा मेंढरं सकाळी." सगळे हासले.

मी तितं हुते. "चंद्राला खळं" एवढंच म्हणायचं हुतं. "दोन दिस थांबा" एवढंच. तोंडाशी आलेलं मी गिळलं. मला मेंढरं मारायची न्हवती, देवाशपथ. मला एवढंच वाटलं की एकदा, फकस्त एकदा तिचं चुकू दे.

सकाळी लख्ख ऊन पडलं. साठ-सत्तर मेंढरं दुपारपातूर उघडी केली, पयली सिद्धाप्पाचीच, थोरल्या घरचा मान म्हणून. कातरता कातरता जो तो म्हणतोय, "वा रं कस्तुराक्का, काय दिवस काढून दिला." आन् मला सांगाय लाज वाटती, पर त्यावर बी मी जळले. तिनं सांगितलंच न्हवतं, तरी नाव तिचंच.

तिसऱ्या पारी वारं सुटलं. मग गारा. लिंबाएवढ्या. मेंढरं एकमेकाच्या पोटाखाली तोंड घालाय लागली. आमी घोंगडी टाकली, पोती टाकली, घरात घेतली, चुली पेटवल्या. माज्या मागावरचं अर्दं झालेलं घोंगडं मी कापून काढलं आन् एका मेंढीवर टाकलं. ती माज्या हातावर गेली. दुसऱ्या दिवसापातूर एकोणीस मेली. त्यातली चौदा कस्तुराबाईची.

ती आली तवा तिचा मेंढरांचा वाडगा निम्मा मोकळा हुता. सगळी वस्ती गोळा झालेली. दीर म्हणले, "तू खळ हाय म्हणून सांगितलंस, आमी कातरली." तिनं माज्याकडं बघितलं. मी घरनंच उत्तर रचून आणलं हुतं, तू तोंडात बोलतीस, मला काय कळणार, आसं. त्येची गरजच पडली न्हाय. तीच म्हणली, "माजंच बोलणं नीट नसतंय. तिचा काय दोष."

तिनं मला वाचवलं, आन् त्याचा बी मला राग आला.

लोकांनी तिला इचारायचं बंद केलं. तिनं बी सांगायचं बंद केलं. पंधरा दिवसांनी पहाटं ती आमच्या दोन घरांमदल्या कुडाजवळ आली. इकडं-तिकडं बघून म्हणली, "राजा, आज रानात मेंढरं लांब नेऊ देऊ नगंस. पाणी यील. माजं आता कोण ऐकत न्हाय. तू तुज्या नावानं सांग." मग जाता जाता हळूच म्हणली, "दोन दिस थांबा म्हणलं हुतं गं मी." बास. त्या एका बोलण्याउपर तिनं तो इषय जन्मात काढला न्हाय.

मी सांगितलं. पाणी आलं. दुसऱ्यांदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं. वरीसभरात माणसं माज्या वट्ट्यावर यायला लागली. "राजाक्का, उद्याचं काय?" मी त्यांच्याम्होरं लोकर चिमटीत धरायची, पच्चिमंकडं बघायची, आन् पहाटं कुडापलीकडनं ऐकलेलं बोलून दाखवायची. नऊ वर्सं. जे पायजे हुतं ते सगळं मिळालं, आन् एक दिवस बी गोड लागलं न्हाय, कारण कुडापलीकडं कोण हाय ते मला ठावं हुतं.

सदतीसच्या चैतात ती तापानं गेली. चार दिवस आजारी, बोलणं बंद. त्याबी आटवड्यात आभाळ आसंच, घडीत ऊन घडीत सर. तिला अंगणात ठिवलेलं. फुला सासरनं निघालेली, पोचली न्हवती. रुद्रप्पा माज्याजवळ आला आन् हळू आवाजात म्हणला, "राजाक्का, लेकीसाठी थांबावं का आत्ताच न्यावं? पाणी यील का?"

सगळी माज्या तोंडाकडं बघाय लागली. सिद्धाप्पा बी.

मी वर बघितलं. ढग हुतं, मदनंमदनं ऊन हुतं. मला काय बी कळलं न्हाय.

मी म्हणले, "मला इचारू नगा. मला आभाळातलं कवाच कळलं न्हाय. हीच सांगायची मला. आन् त्या साली हिनं खळ न्हाय, चंद्राला खळं म्हणलं हुतं. दोन दिस थांबा म्हणलं हुतं. मी सांगितलं न्हाय."

सिद्धाप्पा उठले, आतनं घोंगडं आणलं, तिच्या अंगावर घातलं आन् म्हणले, "थांबूया. फुला येऊ दे."

पाणी आलं. फुला येईपातूर आमी सगळी तिच्याभवती भिजत उभी हुतो.